सासऱ्यांची जुलिएत्ता आणि पोर्तेल्लोचा जन्मदाखला

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच कळेल.

तुमच्या सासऱ्यांनी १९७६ मध्ये न्यू जर्सीत एका सहकारी डॉक्टरांकडून अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीची लाल रंगाची, उघड्या छताची जुलिएत्ता स्पायडर घेतली. काही वर्षं चालवली, मग ती गॅरेजमध्ये उभी राहिली ती आजतागायत. ते आता नाहीत. टायटलवर, म्हणजे तिकडच्या मालकीच्या कागदावर, वर्ष १९५९ आहे. बोनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर ‘एआर १४९५’ने सुरू होणारा नंबर आहे आणि इंजिनवर ‘एआर ००११२’ने सुरू होणारा. घरात सगळे तिला ‘वेलोचे’, म्हणजे या गाडीची जास्त ताकदीची आणि दुर्मिळ आवृत्ती, म्हणत आले. सासूबाईंना मात्र आठवतं की गाडी आणली तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला निळा रंग दिसायचा. आता एक व्यापारी घाई करतोय, आणि तुम्हाला विकण्याआधी किंवा ठेवण्याआधी एवढंच हवंय की ही गाडी कारखान्यातून नेमकी काय म्हणून बाहेर पडली होती.

पहिली विनंती: तिला धुऊ नका, पुसूसुद्धा नका, आणि नंबराच्या पत्र्याला पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका. ‘नंबर नीट दिसावा म्हणून जरा घासला’ असं सांगणाऱ्या मालकांनी जेवढा पुरावा नष्ट केला, तेवढा गंजाने केलेला नाही. व्यापाऱ्याला सांगा, उत्तर मिळायला वेळ लागेल. गाडी इतकी वर्षं थांबली आहे, अजून दोन महिने थांबेल.

तुम्ही दिलेल्या माहितीतली एक गोष्ट आत्ताच निकालात काढता येते. इंजिन या गाडीचं नाही. जुलिएत्ताचं इंजिन १,२९० सीसीचं, सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. त्या इंजिनांचे नंबर आधी १३१५ने सुरू होत. पुढे १९५९ नंतरच्या गाड्यांत साध्या इंजिनावर ००१०२ आणि वेलोचेवर ००१०६ असा आरंभ आला. ००११२ हा १,५७० सीसीच्या इंजिनाचा प्रकार आहे, आणि तो आला १९६२ मध्ये, जुलिएत्ताची जागा घेणाऱ्या ‘जुलिया’बरोबर. हे इंजिन उंचीला जास्त असल्यामुळेच जुलिया स्पायडरच्या बोनेटवर मध्यभागी एक उंचवटा आला. १९५९ किंवा त्याआधीच्या गाडीत ते कारखान्यात बसणं शक्यच नाही. यात कुणाची लबाडी असेलच असं मात्र नाही. साठच्या-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ही गाडी म्हणजे जुनी, स्वस्त, हौसेची वस्तू होती. इंजिन गेलं की भंगारातल्या जुलियाचं मोठं इंजिन बसवायचं, ताकदही वाढते, हा सर्रास चालणारा व्यवहार होता. सासऱ्यांच्याआधीच्या मालकाने ते केलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

टायटलवरच्या १९५९वर फारसं विसंबू नका. अमेरिकेत त्या काळी टायटलवर पुष्कळदा गाडी विकली गेली ते वर्ष चढायचं. १९५७च्या शरदात मिलानमध्ये तयार झालेली गाडी जहाजाने न्यूयॉर्कला आली, विक्रेत्याच्या दुकानात महिनोन्‌महिने उभी राहिली आणि १९५९ची म्हणून नोंदली गेली, अशी उदाहरणं मी हाताळली आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यासाठी ही गाडी कुठे आणि कशी बनायची ते थोडं सांगायला हवं, कारण पुरावे कुठे शोधायचे हे त्यावरच ठरतं.

जुलिएत्ता ही युद्धानंतरच्या अल्फा रोमिओला तारणारी गाडी. ओराझिओ सात्ता पुलिगा यांच्या हाताखाली ती आखली गेली. पैसा उभा करायला कंपनीने रोखे काढले होते, आणि रोखेधारकांपैकी काहींना सोडतीत गाडी मिळणार होती. चार दारांची सेदान वेळेत तयार होईना, म्हणून बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडून दोन दारांची ‘स्प्रिंट’ घाईने करून घेतली आणि १९५४च्या एप्रिलमध्ये तोरिनोच्या, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो तिथल्या, प्रदर्शनात तीच आधी लोकांसमोर आली. उघड्या छताची स्पायडर व्हावी म्हणून सगळ्यात जास्त मागे लागला तो न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन. बेर्तोने आणि पिनिन फारिना या दोन बॉडी-कारागिरांकडून नमुने मागवले गेले आणि पिनिन फारिनाचा निवडला गेला. सुरुवातीच्या स्पायडर अमेरिकेतच गेल्या. म्हणजे तुमची गाडी न्यू जर्सीत सापडणं हे अगदी स्वाभाविक आहे, हडसन नदी ओलांडली की झालं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की स्पायडर एका छताखाली जन्मलेली नाही. पत्र्याची बॉडी तोरिनोत पिनिन फारिनाकडे व्हायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन मिलानच्या पोर्तेल्लो कारखान्यातलं. दोन गावं, दोन कारखाने, दोन स्वतंत्र क्रमांकांच्या वह्या. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठंच भाग्य आहे. जो माणूस पुढे कधी गाडीचा नंबर बनावट करायला बसतो तो पोर्तेल्लोच्या नंबराची काळजी घेतो. तोरिनोच्या कामगाराने दाराच्या पॅडमागे मेणखडूने लिहिलेल्या तीन आकड्यांची त्याला आठवणही नसते.

पोर्तेल्लोचा कारखाना आज नाही. काम आरेझेच्या नव्या कारखान्यात हलत गेलं आणि १९८६ मध्ये पोर्तेल्लो बंद झाला. पण कागद वाचले. आरेझेला कंपनीचं ऐतिहासिक संग्रहालय आहे. काही वर्षं बंद राहून ते २०१५ मध्ये, कंपनीच्या वाढदिवशी, २४ जूनला पुन्हा उघडलं. त्याच आवारात दप्तर आहे. युद्धाआधीच्या गाड्यांच्या बाबतीत नशीब इतकं चांगलं नव्हतं. २० ऑक्टोबर १९४४च्या बॉम्बहल्ल्यासकट अनेक घाव पोर्तेल्लोने सोसले आणि त्या काळातल्या नोंदींना फटका बसला. जुलिएत्ताच्या नोंदी मात्र चांगल्या आहेत. चेसिस नंबर देऊन, फी भरून, ‘उगमाचं प्रमाणपत्र’ मागवता येतं. आज ते कंपनीच्या वारसा विभागाकडून मिळतं. त्यात गाडी कोणत्या प्रकारची होती, तयार कधी झाली, कधी विकली, कुणाकडे पाठवली आणि रंग कोणता होता हे येतं. तुम्ही ते आजच मागवा. त्यात ‘न्यूयॉर्क, हॉफमन’ असं आलं तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

पण हे प्रमाणपत्र हातात आलं की काम संपलं असं समजू नका, आणि या एका वाक्यासाठीच मी एवढं मोठं उत्तर लिहितोय. दप्तर नंबराबद्दल बोलतं. तुमच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या लोखंडाबद्दल ते काहीही सांगत नाही. आपल्याकडे एखाद्याने महापालिकेतून जन्मदाखला काढून आणला तर दाखला खरा असतो, शिक्का खरा असतो. तो घेऊन आलेला माणूस तोच आहे हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं. कंपनीलाही हे माहीत आहे, म्हणून तिथे दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत: एक उगमाचं, नुसत्या दप्तरावरून, दुसरं अस्सलपणाचं, ज्यासाठी जाणकार प्रत्यक्ष गाडी तपासतात. व्यापारी पहिल्याची प्रत दाखवून दुसऱ्याची किंमत मागतो.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. मिलानजवळ जुन्या गाड्यांच्या धंद्यात येऊन मला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. एका ग्राहकासाठी १९५७ची स्पायडर वेलोचे बघायची होती. कागद निर्मळ होते. प्रमाणपत्रात प्रकार ७५० एफ, म्हणजे पहिल्या मालिकेतली वेलोचे, तारखा जुळत होत्या, रंग जुळत होता, इंजिनचा नंबरही १३१५चा. मी फोनवरच सांगितलं, घ्या. आठवडाभराने गाडी वर्कशॉपला आली. मी सवयीने चाकांमधलं अंतर मोजलं आणि टेप हातात धरून बराच वेळ तसाच बसून राहिलो. अंतर २,२५० मिलिमीटर होतं. १९५७च्या स्पायडरचं असायला हवं २,२०० मिलिमीटर. ते अंतर पाच सेंटिमीटरने वाढलं १९५९ मध्ये, ‘१०१’ नावाची दुसरी मालिका आली तेव्हा. म्हणजे कुणीतरी गंजून गेलेल्या खऱ्या वेलोचेचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून काढला होता आणि नंतरच्या, साध्या, धडधाकट गाडीत वेल्ड करून बसवला होता. ग्राहकाचे पैसे अडकले ते माझ्या शब्दामुळे. त्यानंतर मी कागदाआधी टेप काढतो.

तुमच्या गाडीसाठीही पहिलं काम तेच. दोन माणसं लागतील. गाडी सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. दोन्ही बाजूंनी मोजा. तुमच्याकडे इंचांचा टेप असेल: साडेशहाऐंशी इंचांच्या आसपास आलं तर ७५० मालिका, साडेअठ्ठ्याऐंशीच्या आसपास आलं तर १०१. जुन्या गाडीत सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश झिजून काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, दोन इंच होत नाहीत. १४९५ हा आरंभ ७५०च्या गाड्यांवरही आहे आणि १०१च्या सुरुवातीच्या गाड्यांवरही, त्यामुळे तुमच्या नंबराचे पुढचे आकडे, हे माप आणि प्रमाणपत्रातली तारीख या तिघांचं एकमत व्हायला हवं. दुसरी खूण नुसत्या डोळ्यांना दिसते. दाराच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यात फिरवून उघडायची तिकोनी काच आहे का? ७५०च्या स्पायडरला ती नसते, १०१ला असते. आणि खाली झोपून बघण्याची कुणाची तयारी असेल तर गिअरबॉक्स बघायला सांगा. पहिल्या मालिकेचा डबा अखंड ओतीव असतो, दुसऱ्या मालिकेचा उभा दुभंगलेला, दोन अर्ध जोडून बोल्टांनी कसलेला. अर्थात जिथे इंजिन बदललं तिथे गिअरबॉक्सही बदललेला असू शकतो, म्हणून ही खूण मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

मग नंबराचा पत्रा. जुलिएत्ताला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चेसिस. नळ्यांच्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या जुन्या फेरारीची बॉडी बदलली तरी गाडी तीच राहिली असं म्हणता येतं, निदान त्यावर वाद घालता येतो. जुलिएत्ताच्या बाबतीत तो वाद नाही: पत्रा गेला की गाडी गेली. म्हणूनच इथली लबाडी त्या एका आडव्या पत्र्याभोवती फिरते.

आरटीओत गाडी पासिंगला नेली की एजंट कागद लावून पेन्सिलीने चेसिस नंबराची प्रिंट घेतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तेच करा. पातळ ट्रेसिंग कागद, मऊ पेन्सिल, हलका हात. फोटोपेक्षा ही प्रिंट जास्त बोलते. अक्षरांची उंची सारखी आहे का, आकडे एका ओळीत बसलेत का, एखादा आकडा जास्त खोल गेलाय का, दोन टोकांना चांदणी आहे का. कारखान्यातला ठसा हाताने ठोकलेला असला तरी ठोकणारा दिवसाला तेच काम करायचा. त्याचा हात स्थिर आहे. नंतर नव्या पंचाने ठोकणाऱ्याचा हात अडखळतो. प्रिंट झाली की खोली अंधारी करा आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा. वेल्डची शिवण घासून सपाट केली असली तरी अशा तिरप्या उजेडात ती उठून दिसते. पत्र्याच्या मागच्या बाजूनेही, म्हणजे डॅशबोर्डखालून, हात फिरवा. पुढून सफाईने झाकणारे मागून बहुतेकदा आळस करतात. लोहचुंबक जवळ असेल तर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

नंबर घासून नवा ठोकल्याचा संशय आला तर पुढची पायरी प्रयोगशाळेची. थंड पत्र्यावर पंच ठोकला की त्याखालच्या धातूची रचना खोलवर दबते, आणि वरचा आकडा घासून काढला तरी तो दाब राहतो. आम्लाने हळूहळू खरवडलं की जुना आकडा पुन्हा उमटतो. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं आहे, घरी करायचं नाही. तुमच्या फोटोवरून मला तरी इतकी वेळ येईल असं वाटत नाही. पत्रा शांत दिसतोय, रंगाचा थर जुना आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वी या गाडीची खोटी ओळख बनवण्याइतकी तिला किंमतच नव्हती. १९७६पासून एकाच घरात असणं हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. फसवणुकीचा हंगाम त्यानंतर आला.

आता तोरिनोचा भाग, जो मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. त्या काळी बॉडीचे पत्रे अगदी एकसारखे निघत नसत. बोनेट, डिकीचं झाकण, दारं प्रत्येक गाडीला बसवून, ठोकून, कानस मारून जुळवावी लागत. मग रंगाला जाताना ती काढायची आणि रंगून आल्यावर त्याच गाडीवर परत लावायची. अदलाबदल होऊ नये म्हणून कामगार त्यांच्यावर खूण करत. बिजागरीवर, झाकणाच्या आतल्या कडेवर, कुठे ठोकलेले दोन-तीन आकडे, कुठे हाताने लिहिलेले. दाराचं पॅड अलगद काढलंत तर त्याच्या मागच्या हार्डबोर्डवरही सापडू शकतात. हे आकडे चेसिस नंबराशी जुळणार नाहीत, ती वेगळी वही. ते एकमेकांशी जुळायला हवेत. बोनेट, डिकी आणि दोन्ही दारं यांवर एकच आकडा निघाला तर ही बॉडी अपघातात मोठी फुटलेली नाही आणि तुकडे जोडून केलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. कुठल्याही शिक्क्याच्या कागदापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

लहानपणी नाशिकला आमच्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट होती. वडील बोनेट उघडून दाखवायचे, हा भाग इथला, हा तिकडून आलेला. एका गाडीत दोन कारखान्यांचे हात ओळखायची सवय मला तिथून लागली असावी.

सासूबाईंच्या निळ्या रंगाकडे वळू. अशा आठवणींना मी फार मान देतो. जुलिएत्ता स्पायडर फिकट आकाशी रंगातही यायची. इटालियनमध्ये त्या रंगाला ‘चेलेस्ते’ म्हणतात. प्रमाणपत्रात तो शब्द आला तर मोठं काम झालं. पण गाडीवरचा निळा बघताना थरांचा क्रम बघा. या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा आणि बॉडीच्याच रंगात रंगवलेला असतो. स्पीडोमीटर काढला की भोकाच्या कडेला, जिथे कुठल्याही रंगाऱ्याचा फवारा नीट पोचत नाही, तिथे जुने थर मिळतात. डिकीच्या रबराखाली आणि दाराच्या कुलपाच्या पट्टीखालीही बघा. पत्रा, प्रायमर, मग निळा, मग लाल असा क्रम असेल तर निळा कारखान्याचा. निळ्याच्या खाली आणखी एखादा रंग निघाला तर निळाही नंतरचाच, आणि सासूबाईंची आठवण खरी असूनही उत्तर वेगळं. हे तपासताना खरवडू नका. जिथे कड आपोआप तुटलेली आहे तिथेच भिंग धरा.

स्पीडोमीटर हातात आलाच आहे तर तो मैलांत आहे की किलोमीटरमध्ये तेही लिहून कळवा. मैल असतील तर गाडी अमेरिकेसाठीच बनलेली असण्याकडे कल जातो. किलोमीटर असतील तर एक वेगळी वाट शक्य आहे: इटलीत तैनात असलेले अमेरिकन सैनिक तिथे गाडी घेऊन परतताना सोबत आणत. अशा गाड्यांना तिकडे ‘एएफआय’ अक्षरांच्या वेगळ्या पाट्या असत. तशी पाटी किंवा तिच्या बोल्टांची जादा भोकं सापडली तर मला जरूर कळवा.

गाडी आधी इटलीत नोंदली गेली असेल तरच ‘पीआरए’ या इटालियन नोंदणी दप्तराचा उपयोग. ते १९२७पासून चालू आहे. तिथे गाडीचा कालक्रमानुसार उतारा मिळतो: पहिला मालक, विक्री, तारण, शेवटी निर्यातीमुळे नाव कमी. सातबाऱ्यामागच्या फेरफार नोंदी जशा आपण उलट्या क्रमाने वाचत जातो, तसाच तो वाचायचा. अडचण एवढीच की शोध पाटीच्या नंबरावरून घ्यावा लागतो, आणि त्या काळी गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की पाटी बदलायची, मिलानची ‘एमआय’ जाऊन तोरिनोची ‘टीओ’ यायची. थेट न्यूयॉर्कला उतरलेल्या गाडीची तिथे एक ओळही नसेल. अमेरिकेतले जुने मालक शोधायला राज्य सरकारकडे जाऊ नका, १९९४च्या कायद्याने ते नावं देत नाहीत. त्याऐवजी घरातली जुनी विम्याची पत्रं, सर्व्हिसची बिलं, काचेवरचे तपासणीचे स्टिकर, आणि त्या सहकारी डॉक्टरांच्या कुटुंबाकडे एखादा फोटो असेल तर तो शोधा. काळ्या-पांढऱ्या फोटोतसुद्धा गाडी लाल होती की फिकट हे कळतं.

राहिला ‘वेलोचे’चा प्रश्न. हा किमतीच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आणि उत्तराच्या दृष्टीने सगळ्यात सोपा आहे. पिनिन फारिनाने केलेल्या सुमारे सतरा हजार जुलिएत्ता स्पायडरपैकी वेलोचे तीन हजारांपेक्षा कमी. साध्या गाडीला एक सोलेक्स कार्ब्युरेटर, वेलोचेला वेबरचे दोन आडवे आणि ९० अश्वशक्ती. तुमच्या गाडीत इंजिनच दुसरं असल्यामुळे कार्ब्युरेटर बघून काहीच सिद्ध होणार नाही, आणि बिल्ला तर बाजारात विकत मिळतो. दप्तरात प्रकार ७५० एफ किंवा १०१.०७ निघाला तर ती वेलोचे. ७५० डी किंवा १०१.०३ निघाला तर साधी. मधला मार्ग नाही. दप्तराला दुजोरा देणारी एक खूण मात्र गाडीवर शोधता येईल. वेलोचेचा पेट्रोल पंप विजेवरचा आणि मागच्या बाजूला असायचा. इंजिन बदललं तरी मागच्या पत्र्यातली त्याच्या ब्रॅकेटची भोकं आणि तारेची जुनी वाट कुणी बुजवत बसत नाही. टाकीच्या आसपास टॉर्च मारून बघा. कारखान्याच्या रंगाखाली असलेलं भोक आणि नंतर ड्रिलने पाडलेलं भोक यांत फरक दिसतो: पहिल्याच्या कडेला रंग आत वळलेला असतो, दुसऱ्याच्या कडेला उघडा पत्रा आणि गंज.

समजा ती साधी निघाली, तर वाईट वाटून घेऊ नका. पन्नास वर्षं एका घरात राहिलेली, न कापलेली, जिचा आकडा बोनेटपासून डिकीपर्यंत एकच आहे अशी साधी स्पायडर, मी संशयास्पद वेलोचेच्या आधी घेईन. कुणी बघायला आला आणि फक्त इंजिन व बिल्ल्याबद्दल बोलला, तर त्याला या गाडीचं काही कळत नाही असं खुशाल समजा.

एक शेवटची गोष्ट, आणि ती आधी करा. इंजिन बदललं तेव्हा जुनं कुठे गेलं? तो काळ असा होता की बिघडलेलं इंजिन कुणी फेकत नसे. ‘कधीतरी बांधू’ म्हणून ते तसंच पडून राहायचं, आणि गाडी विकताना सोबत दिलं जायचं. मी दोन वेळा मूळ ब्लॉक त्याच घरात शोधून काढलाय, एकदा लाकडाच्या ढिगाखाली आणि एकदा तळघरातल्या बॉयलरमागे, गोणपाटात. त्या सहकारी डॉक्टरांनी गाडीबरोबर काही जड खोकं दिलं होतं का, हे सासूबाईंना विचारा. ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे, गंजत नाही, राखाडी दिसेल. त्याच्यावरचा नंबर १३१५ने किंवा ००१०२, ००१०६ने सुरू होत असेल, तर त्याला हात न लावता आधी फोटो काढा आणि मला पाठवा.